‘व्हय म्हाराजा’चं बटण

हसायचं असेल तर शेवटी हसा. मधे हसलात की माझी गाडी रुळावरून घसरते आणि मग सांगायला नको तेही मी सांगून बसतो. तसं त्या बाबतीत आमच्या अख्ख्या कंपनीत माझा हात धरणारा कोणी नाही. एका दुपारी मी सांगायला नको ते सगळ्यांना एकदम सांगून टाकलं. तोंडाने नव्हे, कॉम्प्युटरवरून. प्रत्येकाच्या स्क्रीनच्या बरोब्बर मधोमध.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. चहा निवला तर दुसरा मागवू.

मी संतोष परब. राहायला लालबागला, नोकरी माझगावला. आमची कंपनी जहाजांतून येणाऱ्या मालाची कागदपत्रं करते आणि मी तिथला आयटीवाला. आयटीवाला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोणीतरी मोठा माणूस आला असेल. तसं काही नाही हो. प्रिंटरमध्ये कागद अडकला, परबला बोलवा. पासवर्ड विसरला, परबला बोलवा. माऊस चालत नाही, परबला बोलवा. माऊसची बॅटरी संपलीय असं मी सांगितलं की, "मग आधी का नाही सांगितलंस?" हेही परबलाच.

तर आमच्याकडे एक नवीन सिस्टीम आली. मी माझ्या जागेवर बसून मेसेज लिहायचा आणि पाठवायचा, की कंपनीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर टपकन एक चौकट उघडते. चौकटीखाली एकच बटण. ते दाबेपर्यंत चौकट जागची हलत नाही, मग तुम्ही काहीही करत असा. ही सिस्टीम मीच मागे लागून घ्यायला लावली होती, कारण आमच्याकडे ईमेल कोणी वाचत नाही. ‘सर्व्हर संध्याकाळी बंद राहील’ अशी ईमेल मी सकाळीच पाठवायचो, आणि संध्याकाळी सगळे मलाच विचारायचे, "परब, सर्व्हर बंद आहे का रे?"

सोमवारपासून ती सुरू करायची होती. त्याआधी एकदा चालवून बघणं आलं. आणि इथेच माझ्यातला मालवणी जागा झाला.

आमच्यात कुठलंही नवीन काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. होडी घ्या, रिक्षा घ्या, नाहीतर वडापावची गाडी टाका. देवापुढे नारळ ठेवायचा, आणि जाणत्या माणसाने देवाला सगळं मोठ्याने सांगायचं. काय हवंय, काय नकोय, कोण त्रास देतंय, कोणाची नजर लागलीय. आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." म्हणजे मागणारा एक असला तरी एकटा नसतो. आमच्या चाळीच्या गणपतीत गाऱ्हाणं माझे बाबा घालतात. ते तळमजल्यावर सुरू झाले की तिसऱ्या मजल्यावरची माणसं घरात भात गाळता गाळता व्हय म्हाराजा म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, मग ठेवायचा की नारळ. अहो, ठेवला होता. गेल्या वेळी नवीन सर्व्हर आला तेव्हा मी सर्व्हर रूममध्ये नुसता ठेवला नाही, फोडला. पाणी यूपीएसमध्ये गेलं. उदबत्तीच्या धुराने आगीचा अलार्म वाजला आणि सगळी कंपनी जिने उतरून रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी प्रधान साहेबांची नोटीस लागली. ‘सर्व्हर कक्षात नारळ, उदबत्ती व तत्सम वस्तू नेण्यास सक्त मनाई आहे.’ प्रधान साहेब म्हणजे आमचे जनरल मॅनेजर. राहायला दादरला, बोलणं छापल्यासारखं. माणूस वाईट नाही, पण एसी सोळावर ठेवतो. मी माझगावात मफलर गुंडाळून बसतो, बोला.

मी विचार केला, नारळाला मनाई आहे, गाऱ्हाण्याला कुठे आहे? नाहीतरी चाचणीसाठी काहीतरी लिहायचंच होतं. लोक ‘टेस्ट टेस्ट’ लिहितात. आपण गाऱ्हाणं लिहू. फक्त माझ्याच कॉम्प्युटरवर पाठवू, मीच वाचू, मीच बटण दाबू. देवाचंही झालं आणि चाचणीचंही झालं. काय डोकं आहे बघा.

पण गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की मनातलं सगळं बाहेर येतं. सर्व्हरबद्दल लिहिलं, प्रिंटरबद्दल लिहिलं, साहेबांबद्दल लिहिलं. आणि मग बोटं थांबेनात आणि बाबांबद्दल लिहिलं.

बाबांचं बायपासचं ऑपरेशन ठरलं होतं. पुढच्या गुरुवारी, परळच्या एका इस्पितळात. डॉक्टरांनी सांगितलं, रक्त देणारी चार माणसं आणा, रक्तगट कुठलाही चालेल. आता चार माणसं म्हणजे काय मोठी गोष्ट आहे? पण माझा मेहुणा नुकताच काविळीतून उठलेला. चाळीत जे उरलेत ते सगळे बाबांच्या वयाचे, त्यांच्याकडे रक्त मागायला जायचं तर दोन बाटल्या आपणच घेऊन जायला हव्यात. राहिलो मी एकटा. माझी बायको सुप्रिया रोज विचारायची, "अहो, ऑफिसात विचारलंत का?" मी रोज म्हणायचो, "बघतो."

बघतो कसलं? आमच्या घराला मागायची सवय नाही. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हासुद्धा त्यांनी आईला शेजारून साखरेची वाटी आणू दिली नव्हती. तोच गुण माझ्यात उतरलाय. हॉटेलात दुसऱ्यांदा चटणी मागायची झाली तर मला घाम फुटतो. मग ऑफिसात जाऊन "मला तुमचं रक्त द्या" असं कुठल्या तोंडाने म्हणणार? देवाकडे मागणं सोपं. तो निदान चेहरा पाडत नाही.

तर मेसेज लिहून झाला. कोणाला पाठवायचा तिथे मी ‘फक्त हा संगणक’ निवडलं. देवाशपथ निवडलं होतं. पाठवणार इतक्यात बटणाकडे लक्ष गेलं. त्यावर लिहिलेलं, ‘ठीक आहे’. गाऱ्हाण्याला कोणी ठीक आहे म्हणतं का? मी ते बदलून ‘व्हय म्हाराजा’ केलं. बटणाचं नाव बदलल्याबरोबर ते पान नव्याने उघडलं, आणि नव्याने उघडताना मी निवडलेलं पुसून आपल्या मूळ जागेवर गेलं. मूळ जागेवर काय होतं? ‘सर्व संगणक’.

मी पाहिलंच नाही. ‘पाठवा’ दाबलं, हात जोडले, चौकट उघडली. पहिली ओळ वाचली आणि व्हय म्हाराजा दाबलं. चौकट गेली. बरं वाटलं.

तेवढ्यात अकाउंट्समधून गुप्ताजींचा आवाज आला, "परब भाई, ये म्हाराजा कौन है? नया एमडी आया क्या?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी उठून बघतो तर काय, डाव्या रांगेत, उजव्या रांगेत, रिसेप्शनवर, जिथे जिथे काच चमकत होती तिथे तिथे माझं गाऱ्हाणं.

‘बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरान नव्या कामाक हात घातलो हा. ता तडीक ने. सर्व्हर, यूपीएस सगळ्यांका सांभाळ. आणि प्रिंटरात जो कोण चुरगळलेले कागद परत घालता, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा.’

एवढंच. पुढचं कुठे गेलं? तेव्हा मला आठवलं. चौकटीत मावत नसेल तर ही सिस्टीम मजकुराचे आपोआप भाग पाडते आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक पाठवत राहते. विकणारा माणूस हे समजावून सांगत होता तेव्हा मी समोसा खात होतो.

म्हणजे पुढचे भाग यायचे होते. पुढच्यात साहेब. आणि त्याच्या पुढच्यात बाबा, आणि माझं नाव.

साहेबांचं एकवेळ सहन करता आलं असतं. फार तर नोकरी गेली असती. पण बाबांचं? ज्या माणसाने साखरेची वाटी मागितली नाही, त्याच्यासाठी मी सगळ्या कंपनीपुढे रक्त मागतोय, असं दिसणार होतं. मी पुढचे भाग थांबवायला बसलो आणि टेबलावरचा फोन वाजला.

"परब, प्रधान बोलतोय. आपल्यावर सायबर हल्ला झाला आहे."

"साहेब, ते..."

"मी कोचीच्या पाहुण्यांसमोर मोठ्या पडद्यावर आकडे दाखवत होतो. मध्येच देव प्रकटले. दुसरं बटणच नव्हतं, परब. मला पाहुण्यांसमोर व्हय म्हाराजा दाबावं लागलं."

नवीन सिस्टीम आलीय हे साहेबांना माहीत नव्हतं का? बिलावर सही त्यांचीच होती. पण साहेब सही करताना वाचत नाहीत, म्हणून तर आमच्यासारख्यांची कामं होतात.

"सगळी ॲडमिनची खाती आत्ताच्या आत्ता बंद करा," साहेब म्हणाले. "एकही उघडं नको."

"साहेब, माझं तरी..."

"तुमचं सगळ्यात आधी. हॅकर तिथूनच शिरतात, मी वाचलंय."

इथे कोणीही शहाणा माणूस खरं सांगून मोकळा झाला असता. माझ्या तोंडून काय निघालं? "हो साहेब." आणि मी आज्ञाधारकपणे स्वतःचं खातं बंद केलं. बंद केल्यावर लक्षात आलं की मेसेज थांबवायचा रस्ता फक्त त्याच खात्यातून जात होता. दार ओढून घेतलं आणि किल्ली आतच. मी बाहेर, गाऱ्हाणं आत. हेल्पलाइनला फोन लावला. तिथे बासरी वाजत होती. फार छान वाजवत होता कोणीतरी.

बासरी ऐकता ऐकता दुसरा भाग आला.

‘आणि म्हाराजा, प्रधान सायबांका बुद्धी दी. ते एसी सोळावर ठेवतत. आमच्यो माना आखडल्यो, खांदे धरले. तेंका एक दिवस आमच्या खुर्च्येर बसव, मगे तेंका कळात.’

सगळ्या मजल्यावर खसखस पिकली. मोठ्याने कोणी हसेना, कारण साहेबांची केबिन काचेची. पण सगळ्यांनी बटण मात्र झटपट दाबलं. मला वाटतं काहींनी दोनदोनदा दाबून बघितलं.

आमच्या ॲडमिन हेड फिलोमिना आंटी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. खोताच्या वाडीतल्या. कंपनीत सगळ्यांत जुन्या, आणि आम्हा सगळ्यांच्या दुसऱ्या आईच. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

"काय मॅन परब, तुझा मफलर कुठे गेला? सकाळी तर होता."

मी तो खणात लपवला होता.

"उकडत होतं आंटी."

"सोळावर?" एवढंच बोलून त्या गेल्या. आंटींपासून काही लपत नाही.

तिकडे कोचीच्या पाहुण्यांनी साहेबांना विचारलं म्हणे, पडद्यावर काय लिहिलंय? आता जनरल मॅनेजर काय सांगणार? साहेब म्हणाले, आमचा स्टाफ माझ्या प्रकृतीसाठी प्रार्थना करतोय. पाहुण्यांनी बसल्या जागी हात जोडले. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की पाहुणे चहाला गेले आणि साहेब ताडताड चालत बाहेर आले.

"परब, माझ्या लक्षात आलं आहे. हॅकर बाहेरचा नाही. तो आतला आहे, तो मालवणी आहे, आणि त्याला एसीचा त्रास होतो." साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही त्याला शोधून काढा. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि मी शोधायच्या आत त्यांनीच शोधला. डिस्पॅचमधले राणे. कुडाळचे. मागच्या महिन्यात एसीची तक्रार लेखी देणारे कंपनीतले एकमेव शूर पुरुष. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. राण्यांना बिचाऱ्यांना कॉम्प्युटर चालू करायलासुद्धा मी लागतो. काचेतून दिसत होतं, राणे उभे, साहेब बोलतायत, राणे मान हलवतायत. पन्नाशी उलटलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा उभा होता.

ते काही मला बघवेना. बासरी तशीच वाजत ठेवली आणि केबिनचं दार ढकललं.

"साहेब, राणे नाहीत. तो हॅकर..."

आणि साहेबांच्या लॅपटॉपवर तिसरा भाग उघडला. आम्ही तिघे एकदम त्याच्याकडे बघायला लागलो.

‘आता शेवटचा मागणा. मी तुझो लेकरू संतोष परब. माझ्या बापाशीच्या काळजाचा ऑपरेशन येत्या बेस्तरवारी आसा. रगात देवक चार माणसा व्हयी. माझ्याकडे मी एकटो. माका कोणाकडे मागाक येणा नाय रे म्हाराजा, जीभच उचलणा नाय. तूच कोणाच्या तरी मनात घाल.’

केबिनमध्ये फक्त एसीचा आवाज. काचेबाहेर बघायची माझी हिंमत नव्हती. पण ऐकू येत होतं. आधी कुठेतरी एक टिक. मग शेजारी एक टिक. मग सगळ्या मजल्यावर टिक टिक टिक. माणसं बटण दाबत होती.

राण्यांनी साहेबांची परवानगीही न घेता हात लांब केला आणि लॅपटॉपवरचं बटण दाबलं. नुसतं दाबलं नाही, मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा."

मग माझ्याकडे वळले. "मेल्या, मागाक येणा नाय म्हणजे काय? माझो कॉम्प्युटर बंद पडलो की मी तुका हाक मारतंय की नाय? तेव्हा माका येता ना मागाक?"

"राणेकाका, तुम्हाला उगाच माझ्यामुळे..."

"ता ऱ्हवांदे. रगात देवक खय येव, ता सांग."

दार उघडलं. फिलोमिना आंटी, त्यांच्यामागे गुप्ताजी, त्यांच्यामागे अर्धी कंपनी.

"चारच हवेत काय मॅन?" आंटी म्हणाल्या. "इथे जास्त झालेत. आता कोणाला नको म्हणू, तूच सांग."

गुप्ताजींना मराठी गाऱ्हाणं कोणीतरी हिंदीत समजावलं होतं. ते म्हणाले, "बटन तो दबा दिया, भाई. भगवान के सामने हाँ बोल के पीछे थोड़े ही हटेंगे."

मी आपला जमिनीकडे बघत होतो आणि जमीन मला धूसर दिसत होती. रडलो म्हणा ना. तुमच्यापासून काय लपवायचं?

साहेबांनी टेबलावरचा रिमोट उचलला आणि एसी चोवीसवर नेला.

"देवाने बुद्धी दिली," ते म्हणाले. "परब, मी दर वाढदिवसाला रक्तदान करतो. तुम्ही एका शब्दाने विचारायचं होतं. आणि ते खातं उघडून घ्या आता, चौथा भाग असेल तर मला आधी कळू द्या."

"चौथा नाही, साहेब."

"नक्की?"

"व्हय म... हो, साहेब."

शनिवारी सकाळी परळच्या रक्तपेढीत ही गर्दी. तिथल्या बाई मला बाजूला घेऊन विचारतात, "पेशंट कोणी पुढारी आहेत का?" म्हटलं, "नाही हो, लालबागच्या चाळीतले आहेत." फिलोमिना आंटींचं हिमोग्लोबिन कमी निघालं, त्यांना नको म्हणाले. आंटी त्या डॉक्टरीणबाईंशी पंधरा मिनिटं भांडल्या. मग रुसून बाकावर बसल्या आणि घरून आणलेला केक रक्त देऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात कोंबत राहिल्या. "मी रक्त नाही दिलं तर नाही, त्यांच्या अंगात वाढवते तरी."

आणि मी? ज्याच्या बाबांसाठी एवढी माणसं आली होती, तो मी शेजारच्या खाटेवर साहेबांची भरत आलेली पिशवी बघून धाडकन आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा साहेब एका हाताला कापसाचा बोळा लावून दुसऱ्या हाताने माझे पाय वर धरून उभे होते. जनरल मॅनेजरने आयटीवाल्याचे पाय धरल्याची नोंद आमच्या कंपनीत तरी दुसरी नसेल. तासाभराने मीही दिलं रक्त. डोळे मिटून.

बाबांचं ऑपरेशन नीट पार पडलं. देवाची कृपा, डॉक्टरांची कृपा, आणि त्या सगळ्या टिक टिक करणाऱ्यांची. घरी आल्यावर, खाटेवर टेकून बसायला लागल्यावर, मी घाबरत घाबरत त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं आता ओरडतील, कोणापुढे हात पसरलास म्हणून. खोकला आला की छातीशी धरायला त्यांना एक उशी दिली होती. ती पोटाशी घेऊन ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "गाऱ्हाणा अर्धाच घातलस."

"म्हणजे?"

"शेवट खय? ‘सगळ्यांचा बरा कर’ ह्या खय आसा? गाऱ्हाणा काय आपल्या एकट्याचा असता? स्वतःपुरता मागलस आणि गप ऱ्हवलस. आता परत घाल. मी सांगतंय, तू लिही."

आणि त्यांनी सांगितलं. उशी घट्ट धरून, धापा टाकत, मधे सुप्रियाच्या हातचं पाणी पीत. जेनी रगात दिल्यानी तेंच्या घरात कधी रगाताची गरज लागाक नये. फिलोमिनाबाईंच्या अंगात लोखंडासारखा बळ येवंदे. गुप्ताजींच्या पोराबाळांका सुखी ठेव. राण्यांका कोणी हॅकर म्हणाक नये. प्रधान सायबांचो एसी चोवीसावरच ऱ्हवांदे. एकेकाचं नाव विचारून घेतलं. दर वाक्याला मी आणि सुप्रिया व्हय म्हाराजा म्हणत होतो. शेवटी म्हणाले, "सगळ्यांचा बरा कर, आणि मगे उरला तर आमचा."

दुसऱ्या दिवशी मी ते ऑफिसात नेलं. आता कुठलाही मेसेज जायच्या आधी आंटींना दाखवायचा, असा साहेबांचा नियम झाला होता. आंटींनी वाचलं, चष्मा काढून पुसला, म्हणाल्या, "पाठव." मी खुर्चीत बसलो. या वेळी मुद्दाम, बोट ठेवून, ‘सर्व संगणक’ निवडलं. बटणाचं नाव बदलून पुन्हा ‘व्हय म्हाराजा’ केलं. पाठवलं.

पहिला भाग उघडला. मी वाचला, बटण दाबलं. मान वर करून बघितलं. सगळे आपापल्या कामात. दुसरा भाग आला. दाबलं. कोणी हूं की चूं नाही. मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत बघा. उपकार करतात आणि आभार मानले तर मान खाली घालतात. माझा ऊर भरून आला. गुप्ताजींच्या टेबलापाशी जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "क्या हुआ?" मी म्हटलं, "कुछ नहीं, आप बड़े आदमी हो." ते जरा घाबरलेच. राण्यांना वाकून नमस्कार केला, तर त्यांनी पाय मागे घेतले आणि विचारलं, "बापूस बरो आसा ना रे?" तिसरा, चौथा, पाचवा भाग. सगळ्यांना मी व्हय म्हाराजा दाबलं.

संध्याकाळी फिलोमिना आंटी आल्या. "कधी पाठवतोस मॅन? मी लंचलासुद्धा उठले नाही, वाट बघत बसले."

मी पाठवलेल्या मेसेजची नोंद उघडली. ‘कोणाला: फक्त हा संगणक.’

त्या दिवसानंतर, पुन्हा असा घोळ नको म्हणून, पान नव्याने उघडलं की आपोआप काय निवडलं जावं ते मी स्वतःच बदलून ठेवलं होतं. खबरदारी म्हणून. आणि बटणाचं नाव बदललं की पान नव्याने उघडतं, हे तुम्हालाही आता पाठ झालं असेल. मला झालं नव्हतं. स्वतःसाठी मागितलं ते सगळ्यांकडे गेलं, आणि सगळ्यांसाठी मागितलं ते मी एकट्याने दिवसभर वाचलं.

आंटी इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. मग त्यांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना हाक मारली. साहेबसुद्धा बाहेर आले. माझ्या एका कॉम्प्युटरभोवती सगळी कंपनी उभी राहिली आणि मी बाबांचं गाऱ्हाणं मोठ्याने वाचलं. दर वाक्याला सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. गुप्ताजी सगळ्यात मोठ्याने. त्या माणसांचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत, आणि फिटू नयेतच.

घरी पोचलो तर बाबा वाटच बघत होते. "पोचला सगळ्यांका?"

"पोचला, बाबा. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं."

बाबा खूश झाले. "एवढ्या माणसांका एका दमात पोचवता म्हणजे तुझा मशीन भारी आसा. आणि चालवणारो पण हुशार."

सुप्रियाने माझ्याकडे बघितलं. तिला मी जिन्यातच फोनवर सगळं सांगितलं होतं. आता त्या आजारी माणसापुढे मी काय बोलणार? मान खाली घातली आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."